‘पैसे द्या आणि बाजूला व्हा’ : संशोधन-व्यवस्थापनाविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

संशोधनाचे व्यवस्थापन करता येत नाही, असे सांगणारा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मोठे शोध योगायोगाने लागतात, त्यांचे नियोजन होत नाही, विद्यापीठांतील संशोधन कार्यालये (अनुदाने, करार आणि परवानग्यांची कामे पाहणारी) शास्त्रज्ञांचा निम्मा वेळ कागदपत्रांत घालवतात, उद्योगांतले व्यवस्थापक नव्या कल्पना मारून टाकतात, आणि पेटंट व करार यांमुळे ज्ञान अडून राहते. म्हणून पैसे द्यावेत आणि बाजूला व्हावे. मी गेली बरीच वर्षे विद्यापीठाच्या संशोधन-साहाय्य कार्यालयात काम करते. त्यामुळे या मजकुराकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही. तरीही त्यातील प्रत्येक मुद्द्याचा विचार पुराव्यानिशीच व्हायला हवा.

पहिला दाखला अर्थातच पेनिसिलिनचा. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका काचेच्या बशीत बुरशीभोवतीचे जिवाणू नाहीसे झालेले दिसले, हे खरेच आहे, आणि त्यासाठी कोणी प्रकल्प आखला नव्हता हेही खरे आहे. परंतु १९२९ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर जवळजवळ दहा वर्षे त्या निरीक्षणातून औषध तयार झाले नाही, कारण तो पदार्थ अतिशय अस्थिर होता आणि शुद्ध रूपात हाती लागत नव्हता. ते काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी उभे केले. फ्लोरी यांनी रसायनशास्त्रज्ञ, जिवाणुशास्त्रज्ञ आणि डॉक्टर यांना एका कामाला लावले, रॉकफेलर फाउंडेशनकडून निधी मिळवला आणि युद्धकाळातील टंचाईत प्रयोगशाळेचे एका लहानशा कारखान्यात रूपांतर केले. नॉर्मन हीटली यांनी बुरशी वाढवण्यासाठी रुग्णालयातले बेडपॅन वापरून पाहिले आणि तोच आकार सोयीचा ठरतो असे दिसल्यावर त्या धर्तीची चिनी मातीची भांडी मुद्दाम घडवून घेतली. ती भांडी भरणे, रस गोळा करणे, हे रोजचे काम करण्यासाठी सहा तरुणींची नेमणूक झाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये पहिल्या रुग्णाला, एका पोलिस शिपायाला, हे औषध दिले गेले, तेव्हा त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिनसुद्धा प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा वेगळे काढले जात होते. त्याला उतार पडू लागला, पण औषध संपले आणि मार्चमध्ये तो दगावला. त्या माणसासाठी बुद्धी कमी पडली नव्हती, साठा कमी पडला होता. पुढे फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत गेले, पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च उद्योगातील उरलेल्या द्रवावर बुरशी अधिक जोमाने वाढते असे आढळले, अनेक कंपन्यांच्या उत्पादनाचा मेळ सरकारी यंत्रणेने घातला, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळी सैनिकांसाठी औषध हाताशी होते. योगायोग एका सकाळचा होता. त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांतले जवळपास सगळे कोणाला तरी घडवून आणावे लागले.

दुसरा मुद्दा वेळेचा आहे आणि तो गंभीर आहे. त्या मजकुरातील ‘निम्मा वेळ’ बहुधा अमेरिकेतील फेडरल डेमॉन्स्ट्रेशन पार्टनरशिप या, विद्यापीठे आणि सरकारी अनुदान-संस्था यांच्या संयुक्त गटाच्या पाहण्यांवरून आलेला असावा. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रमुख संशोधकांच्या संशोधनासाठीच्या वेळापैकी सुमारे ४२ टक्के वेळ प्रत्यक्ष संशोधनाऐवजी प्रस्ताव, अहवाल, हिशेब, परवानग्या अशा कामांत जातो, असे २००५ आणि २०१२ च्या पाहण्यांत दिसले. २०१८ मध्ये हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले. आकडा अस्वस्थ करणारा आहे, पण तो काय मोजतो हे नीट पाहिले पाहिजे. हा वेळ संशोधक स्वतः ती कामे करण्यात घालवतात. अनुदान देणाऱ्या संस्थेला खर्चाचा तपशील हवा असतो, प्राण्यांवरील किंवा माणसांवरील प्रयोगांना नैतिकता समितीची मंजुरी लागते, घातक रसायनांची नोंद ठेवावी लागते. कार्यालय बंद केल्याने यांतले एकही काम नाहीसे होत नाही, ते फक्त टेबल बदलते आणि ज्याला त्यातले सर्वांत कमी कळते त्याच्या टेबलावर जाऊन बसते. अनावश्यक फॉर्म आणि तीच माहिती तीन ठिकाणी भरायला लावणाऱ्या पद्धती जरूर काढून टाकल्या पाहिजेत, परंतु त्या शोधून काढण्यासाठीसुद्धा ही सगळी प्रक्रिया आतून माहीत असलेला माणूस लागतो.

उद्योगांबाबतचा दावा बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेच्या उदाहरणापुढे टिकत नाही. तेथील संशोधनाचे प्रमुख मर्विन केली यांनी युद्ध संपता संपता घनपदार्थांच्या भौतिकीसाठी एक गट बांधला. त्यात सिद्धान्त मांडणारे, प्रयोग करणारे आणि रसायनशास्त्रज्ञ मुद्दाम एकत्र ठेवले होते. डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांचा ट्रान्झिस्टर चालला तो याच गटात. कोणता प्रयोग कोणत्या दिवशी करावा हे केली यांनी सांगितले नाही; माणसे कोण असावीत, ती एकमेकांजवळ असावीत आणि त्यांना वेळ मिळावा, हे मात्र त्यांनी पाहिले. संशोधनाच्या व्यवस्थापनाची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. उलट बाजूही त्याच गटात आहे. गटाचे एक प्रमुख विल्यम शॉक्ली यांच्या बुद्धीबद्दल कोणालाच शंका नव्हती, परंतु त्यांनी स्वतःची कंपनी काढल्यावर त्यांच्या संशयी आणि मनमानी कारभाराला कंटाळून १९५७ मध्ये आठ सहकारी एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर उभी केली. उत्तम शास्त्रज्ञ आणि भरपूर संधी असूनही संशोधन मोडू शकते, ते असे.

पेटंट आणि करार यांविषयीचा राग मला समजतो, कारण ती भाषा शुष्क असते. तरी स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांच्या जनुक-जोडणीच्या तंत्राचे काय झाले ते पाहावे. निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. १९७४ मध्ये वृत्तपत्रातील बातमीमुळे स्टॅनफर्डच्या परवाना कार्यालयातील नील्स रीमर्स यांचे लक्ष तिकडे गेले, आणि निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर पेटंट मागण्यासाठी अमेरिकी कायदा देतो ती एका वर्षाची सवलत संपण्याआधी नोव्हेंबरमध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. एकाच कंपनीला हक्क न देता माफक शुल्कात अनेकांना परवाने दिले गेले. पुढे चारशेहून अधिक कंपन्यांनी ते घेतले. ज्ञान अडले नाही, पसरले.

करार न वाचण्याचा धोका मी स्वतः पाहिलेला आहे. एका कंपनीच्या पैशावर एका विद्यार्थिनीचे पीएचडीचे काम चालणार होते आणि तिच्या मार्गदर्शकांना त्याच संध्याकाळी सही करायची होती. करारातील एक कलम असे होते की प्रकल्पातील कोणताही निष्कर्ष कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय ‘कोठेही सादर’ करता येणार नाही. परवानगी किती दिवसांत द्यायची, याचा उल्लेख नव्हता. ‘कोठेही’ या शब्दात तिचा प्रबंधही येत होता, म्हणजे कंपनीने नुसते उत्तर दिले नसते तरी तिची पदवी अडकली असती. कंपनीचा हेतू वाईट नव्हता. तिच्या वकिलांनी नेहमीचा मसुदा पाठवला होता. कलम बदलायला तीन आठवडे लागले: वाचून हरकत कळवण्यासाठी तीस दिवस, पेटंट अर्जासाठी हवी असल्यास आणखी नव्वद दिवसांची सवलत, आणि प्रबंधाला परीक्षकांच्या गोपनीयतेच्या अटीवर पूर्ण मोकळीक. ते तीन आठवडे मार्गदर्शकांना आमची दिरंगाई वाटली, आणि त्यांच्या जागी मला कदाचित तसेच वाटले असते.

त्या मजकुरातील एक तक्रार मात्र पूर्णपणे रास्त आहे: वेगळी कल्पना मांडणाऱ्यांना व्यवस्था ओळखत नाही. कातालिन कारिको यांना आरएनएवरील कामासाठी, म्हणजे पुढे कोविडच्या लशींना आधार ठरलेल्या कामासाठी, अनुदान मिळत नव्हते. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांचे पद खाली आणले, आणि २०२३ मध्ये त्यांना ड्रू वाइसमन यांच्यासह नोबेल मिळाले. याचे समर्थन कोणी करू नये. पण अशा प्रस्तावांना गुण देणारे परीक्षक कारकून नसतात, त्याच विषयातील शास्त्रज्ञ असतात, आणि निधी मर्यादित असेल तेव्हा ते सहसा सुरक्षित प्रस्तावाकडे झुकतात. ‘बाजूला व्हा’ म्हटल्याने ही सवय जात नाही, मूल्यमापनाची रीतच बदलावी लागते. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिल या आरोग्य-संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेने काही अनुदानांसाठी २०१३ पासून तसे केले आहे: अर्जदाराचे नाव परीक्षकांपासून लपवले जाते, प्रस्ताव किमान कसोट्यांना उतरतो की नाही एवढेच ते पाहतात, आणि उतरलेल्या प्रस्तावांतून चिठ्ठी काढली जाते. जर्मनीतील फोक्सवॅगन फाउंडेशनने आणि स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान निधीनेही पुढे चिठ्ठीचा वापर केला. कसोट्या ठरवणे, नावे झाकणे, चिठ्ठी निष्पक्ष निघेल असे पाहणे आणि नंतर त्या प्रकल्पांचे काय झाले याचा पाठपुरावा करणे, हे सगळे काम तेथे कोणीतरी रोज बसून करत असते.