बेलीझची ‘खांद्याला खांदा’ कथा

मध्य अमेरिकेतल्या बेलीझबद्दल एक गोष्ट माहितीपर पोस्टमधून आणि सहलीच्या व्हिडिओंतून सतत फिरत असते. थोडक्यात अशी: ओसाड किनाऱ्यावर इंग्रज चाचे उतरले आणि लाकूडतोडे झाले. त्यांचे गुलाम नावापुरतेच गुलाम. १७९८ मध्ये स्पॅनिश आरमार चालून आलं तेव्हा मालक आणि गुलाम खांद्याला खांदा लावून लढले. पुढे गुलामगिरी संपली, सगळे मोकळे झाले आणि १९८१ मध्ये इंग्रजांनी राजीखुशीनं स्वातंत्र्य देऊन टाकलं.

यातल्या तारखा तेवढ्या बरोबर आहेत.

‘ओसाड किनारा’ इथूनच सुरुवात करू. न्यू नदीकाठच्या लामानाय या माया गावात वस्ती शतकानुशतकं अखंड होती. स्पॅनिश पाद्र्यांनी तिथे चर्च बांधलं आणि सतराव्या शतकात माया लोकांनी बंड करून ते जाळलं. पश्चिमेकडच्या तिपू गावानंही तेव्हाच स्पॅनिशांना झुगारलं. पुढे १७०७ मध्ये तिथल्या लोकांना आजच्या ग्वाटेमालातल्या पेतेनच्या सरोवराकडे हलवण्यात आलं. इंग्रजांना ही माणसं दिसली नाहीत, कारण ते सुरुवातीला किनाऱ्यालगतच्या दलदलीतच होते. त्यांना हवं होतं लॉगवूड, म्हणजे कापड रंगवायचं लाकूड. (आजही बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो तो बहुधा याच झाडापासून निघणाऱ्या हिमॅटॉक्सिलिननं रंगवलेला असतो.) लॉगवूडचा भाव पडला, महोगनीची मागणी वाढली आणि कुऱ्हाडी आत घुसल्या. मग १७८८ मध्ये माया लोकांनी लाकूडतोडीच्या तळांवर हल्ले केले. १८६६ च्या डिसेंबरात सान पेद्रो इथे माया म्होरक्या मार्कोस कानूलच्या लोकांनी ब्रिटिश तुकडीला पळवून लावलं. पुढच्याच वर्षी फौजेनं येऊन गावं आणि पिकं जाळली. १८७२ मध्ये कानूल ऑरेंज वॉकच्या लढाईत जखमी होऊन मेला. ओसाड जमिनीवर एवढी आग लावायची वेळ येत नाही.

‘बेलीझ हे नाव वॉलेस नावाच्या स्कॉटिश चाच्यावरून पडलं’ हे शेपूटही याच गोष्टीला जोडलेलं असतं. अशा चाच्यानं तिथे वसाहत केल्याचा समकालीन पुरावा नाही. उलट १६७७ मध्ये तिथून गेलेल्या देल्गादो नावाच्या स्पॅनिश पाद्र्यानं वाटेतल्या नद्यांची नावं टिपली, त्यात ‘बालीस’ आहे.

आता मुख्य मुद्दा, १० सप्टेंबर १७९८. सेंट जॉर्जेस की या छोट्या बेटाजवळ झालेली ही लढाई बेलीझमध्ये अजून साजरी होते. पण आधीच्या वर्षी काय झालं ते बघा. १ जून १७९७ ला वसाहतवाल्यांची सभा भरली. प्रश्न एकच, थांबायचं की सगळं सोडून निघून जायचं? थांबण्याच्या बाजूनं ६५ मतं, निघण्याच्या बाजूनं ५१. म्हणजे ज्यांच्या शौर्याचे गोडवे गायले जातात त्यांच्यातले निम्म्याला थोडे कमी लोक गाठोडं बांधून बसले होते. आणि वसाहतीत तीन चतुर्थांशाच्या आसपास गुलाम असताना या सभेत गुलामाला मत नव्हतं.

गुलाम लढले का? लढले. नावा त्यांनी वल्हवल्या, तोफांपाशी ते होते, आणि मर्लिन या युद्धनौकेइतकंच श्रेय त्यांचं आहे. शिवाय स्पॅनिश जहाजांवर पिवळ्या तापानं माणसं आजारी पडली होती, हेही विसरायला नको. पण ‘खांद्याला खांदा’ म्हणायचं तर नाही म्हणण्याची मुभा लागते. ती नव्हती, म्हणून तर माणसं संधी मिळेल तेव्हा पळत होती. उत्तरेला लागून असलेल्या युकातानमध्ये पळून आलेल्या गुलामाला मुक्त करण्याचं आमिष स्पॅनिश राजवट दाखवत असे. म्हणजे बेटाजवळ ज्यांच्याशी ‘निष्ठेनं’ लढले, त्यांच्याच मुलखात ही माणसं आसरा शोधत होती! १८२४ मध्ये मध्य अमेरिकेच्या संघराज्यानं गुलामगिरी बंद केली आणि पेतेनची वाट आणखी मोलाची झाली.

ही निष्ठेची कथा गाजली ती शंभर वर्षांनी, १८९८ च्या शताब्दी सोहळ्यात. सोहळा उभा करण्यात मिश्रवंशीय, शिकलेल्या क्रिओल मध्यमवर्गाचा पुढाकार होता. वसाहत उभारणीत आमचाही वाटा आहे हे गोऱ्यांना पटवायचं तर पूर्वज निष्ठावान असणं सोयीचं. त्या लोकांची अडचण मला समजते, पण सोय म्हणजे इतिहास नव्हे.

‘जंगलात कुऱ्हाड घेऊन फिरणारे, ते कसले गुलाम?’ हा युक्तिवादही नेहमीचा. उसाच्या मळ्यापेक्षा काम वेगळं होतं हे खरं. छोट्या टोळ्या असत, आणि महोगनीचं झाड हुडकणाऱ्या ‘हंट्समन’ला किंमत असे. पण बंडं १७६५, १७६८, १७७३ आणि १८२० मध्ये झाली. शेवटच्या बंडाचे म्होरके विल आणि शार्पर. त्या वेळचा सुपरिंटेंडंट, म्हणजे वसाहतीवरचा ब्रिटिश अधिकारी, जॉर्ज आर्थर स्वतःच लिहून गेला की मालकानं त्यांना विनाकारण क्रूरपणे वागवलं होतं आणि त्यांची तक्रार रास्त होती.

एकोप्याची परीक्षा १७९८ च्या लढाईआधीच होऊन गेली होती. १७८७ मध्ये आजच्या निकाराग्वा-होंडुरासच्या मॉस्किटो किनाऱ्यावरून दोन हजारांवर विस्थापित आले. सुपरिंटेंडंट एडवर्ड डेस्पार्डनं त्यांना चिठ्ठ्या टाकून जमीन वाटली. गोरा असो वा मुक्त काळा, सगळ्यांना एकाच रांगेत. जुने जमीनदार खवळले, लंडनला तक्रारी गेल्या आणि १७९० मध्ये डेस्पार्डला परत बोलावलं. पुढे राजद्रोहाच्या आरोपावरून १८०३ मध्ये लंडनला त्याला फाशी झाली.

मग मुक्ती. १८३३ चा कायदा, १८३४ पासून लागू, १८३८ ला पूर्ण सुटका. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, दर गुलामामागे सरासरी ५३ पौंडांहून थोडी जास्त. सुटलेल्यांना काही नाही. उलट सरकारी जमिनीची किंमत एकरी एक पौंड ठरली, म्हणजे मजूर जंगलातच राहतील. नाताळात गावात मजुरांची भरती होई आणि आगाऊ पैसे हातात पडत. सणातच ते उडत. पुढचा हंगाम ते फेडण्यात जाई, त्यातही मजुरीचा भाग मालकाच्याच दुकानातल्या महागड्या मालाच्या रूपात. बीडच्या ऊसतोड कामगाराची ‘उचल’ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. जमीन मात्र एकवटत गेली. १८७५ मध्ये झालेल्या बेलीझ इस्टेट अँड प्रोड्यूस कंपनीच्या ताब्यात खासगी जमिनीपैकी निम्म्याच्या आसपास होती.

राहिला ‘राजीखुशी’चा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे: १९६४ मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळालं, आणि त्यानंतरचा उशीर शेजारच्या ग्वाटेमालानं बेलीझच्या भूमीवर सांगितलेल्या दाव्यामुळे झाला, इंग्रजांच्या हट्टामुळे नव्हे. पण चळवळ उभी राहिली ती ३१ डिसेंबर १९४९ ला गव्हर्नरनं विशेषाधिकार वापरून चलनाचं अवमूल्यन लादल्यावर. १९५० मध्ये पीपल्स युनायटेड पार्टी निघाली आणि जॉर्ज प्राइस पुढे आले. १९६८ मध्ये अमेरिकन मध्यस्थ वेबस्टर यांनी, देश नावाला स्वतंत्र पण कारभारात ग्वाटेमालाच्या पंखाखाली, असा मसुदा आणला. बेलीझच्या लोकांनी तो धुडकावला. मग प्राइस यांनी जगभर पाठिंबा गोळा केला आणि नोव्हेंबर १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांत बेलीझच्या स्वातंत्र्याचा ठराव १३९ विरुद्ध शून्य असा मंजूर झाला.

ग्वाटेमालाचे समर्थक वरचे मुद्दे वाचून खूश होतील, म्हणून एवढं जोडतो: इंग्रजी कथा खोटी ठरली म्हणून ग्वाटेमालाची खरी ठरत नाही. १७८३ आणि १७८६ च्या करारांत सार्वभौमत्व स्पेनचं म्हटलं असलं तरी स्पेननं तिथे कारभार बसवला नाही. ग्वाटेमाला आज ज्या वारशावर बोट ठेवतो तो कागदावरचाच. २०१८ आणि २०१९ मध्ये दोन्ही देशांनी सार्वमत घेऊन हे भांडण हेगच्या न्यायालयाकडे सोपवलं. आणि दक्षिणेकडच्या टोलेडोमधल्या माया गावांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क कॅरिबियन न्यायालयानं २०१५ मध्ये मान्य केला, ‘ओसाड किनाऱ्या’वरच्याच माणसांचा.