अलमट्टीच्या अलीकडे

पाऊस लागला की जर्मनीतल्या बॉनमध्ये बसूनही मी भावाला पहिलं तेच विचारतो: राजारामला किती फूट? कसबा बावड्याला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. जुन्या माणसांना तर आकडाही लागत नाही. शिवाजी पुलाजवळ मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी तिथल्या ठरलेल्या खुणेला लागलं, की सामान माळ्यावर चढायला लागतं.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा ५६ फुटांवर गेली. त्याआधी दहाएक दिवस, १४ जुलैच्या रात्री, इथून जवळच आर नदीने अख्खं खोरं धुऊन नेलं होतं. उपग्रह होते, हवामान खातं होतं, पैसा होता, पण खालच्या गावांतल्या माणसाला वेळेत कुणी सांगितलं नाही. त्या एका खोऱ्यात १३० वर माणसं गेली. मी चिखल उपसायला गेलो होतो. तळघरातल्या टाकीचं तेल चिखलात मिसळलेलं, फावडं बुडवलं की वास डोक्यात जायचा. भिंतीवर पाण्याची रेघ विजेच्या बटणांच्याही वर होती. महिनाअखेरीस भावाने शाहूपुरीतल्या घराचा फोटो पाठवला. तिथेही रेघ बटणांच्या वरच.

त्यामुळे ‘परदेशात बघा कसं असतं’ हे माझ्या तोंडून कधी निघणार नाही. वेळेवर बाहेर पडण्यात आपली माणसं सरस आहेत. २०१९ च्या पुराचा दणका खाल्लेली कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीची माणसं २०२१ ला गुरंढोरं घेऊन आधीच निघाली. जर्मनीत मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम इशारा धाडायची सोय २०२३ मध्ये आली.

पण पाणी ओसरलं की आपल्याकडे एकच विषय उरतो, कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण. त्याच्या फुगवट्यानेच आपल्याकडे पूर येतो, असं म्हणतात. धरणाच्या पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४ च्या वर न्यायला महाराष्ट्राचा विरोध आहे, आणि तो असायलाच हवा. तरीही २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. कोल्हापुरात दुधाळीत, रमणमळ्यात, जयंती नाल्याच्या काठावर भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती कर्नाटकाने बांधलेल्या नाहीत. शिरोलीजवळ महामार्गाचा भराव आहे. तिथे कमानी हव्यात, पाण्याला वाट हवी, असं लोक कधीपासून ओरडताहेत.

आरच्या खोऱ्यातही हीच गत. १८०४ आणि १९१० चे महापूर धोक्याच्या नकाशात धरलेच नव्हते, आणि २०२१ नंतर बहुतेक घरं होती तिथेच पुन्हा उभी राहिली. शेजारच्या नेदरलँड्सने वेगळं केलं. १९९५ मध्ये अडीच लाख लोक हलवावे लागले, तेव्हा त्यांनी नदीला जागा द्यायचं ठरवलं. नाइमेखनला वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे सरकवला आणि त्यासाठी पन्नासेक घरं उठवली. घर उठवणं काय असतं, हे १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट मिळालेल्या चिखलीकरांना विचारा. शेती खाली, नदीकाठी, आणि राहायचं वर माळावर! म्हणून मी गरिबाच्या घरावर आधी बोट ठेवणार नाही. आधी नव्या इमारती थांबवा.

नकाशावर नदीकाठची पुराची पट्टी दाखवणाऱ्या निळ्या पूररेषेच्या आत कुठल्या बांधकामाला, कोणत्या साली, कुणाच्या सहीने परवानगी मिळाली, ही यादी प्रभागवार चौकाचौकात लागली पाहिजे. अलमट्टीसाठी मोर्चा निघेल तेव्हा ही मागणीही त्याच निवेदनात लिहा.