हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदू नाही: सुपर बोलच्या त्या ‘गाईड’ला उत्तर

गेल्या आठवड्यात सांगलीहून बाबांचा फोन आला. “अगं, तो तुमचा सुपर बोल म्हणे आधीच ठरलेला असतो. कोण जिंकणार ते वर्षभर आधी माहीत असतं. आणि पोराला खेळू द्यायला काय हरकत आहे? हेल्मेट असतं की!”

सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या ‘एनएफएल’ या व्यावसायिक लीगचा वार्षिक अंतिम सामना. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे, चेंडू हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा. बाबांची ही दोन्ही वाक्यं कुठून आली ते मला लगेच कळलं. ‘सुपर बोल पाहण्याआधी हे सात मुद्दे वाचाच’ नावाचं एक लांबलचक मराठी फॉरवर्ड इथल्या मंडळींच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलं होतं. तेव्हा मी ते वाचून सोडून दिलं. आता तेच भावोजींनी घरच्या ग्रुपवर टाकलंय. टेक्सासमध्ये राहणारी माझी ताई आणि भावोजी सध्या एका फॉर्मवर सही करायची की नाही या विचारात आहेत. भाचा सातवीत जाईल आणि ऑगस्टपासून शाळेच्या टॅकल फुटबॉल, म्हणजे समोरच्याला धडकून पाडायच्या फुटबॉलच्या, संघात सराव सुरू करेल, असा तो फॉर्म. त्यावर चर्चा चालू असताना कुणीतरी त्यातला हेल्मेटचा पाचवा मुद्दा पुढे करतं, म्हटल्यावर मला गप्प बसवेना.

मी बरीच वर्षं फिलाडेल्फियाजवळ राहते. इथल्या ईगल्स संघाची चाहती आहे. थंडीत कुडकुडत स्टेडियममध्ये बसलेली आहे, हरल्यावर रडलेली आहे. हा खेळ मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून ‘हिला फुटबॉलचं वावडंच आहे’ असं कुणीतरी म्हणेल.

पाचव्या मुद्द्यापासूनच सुरू करते. तो असा: “हा खेळ दिसतो तेवढा धोकादायक नाही. खेळाडूंच्या डोक्यावर अत्याधुनिक हेल्मेट असल्याने डोक्याला इजा होत नाही. मुलांना बिनधास्त खेळू द्या.”

यातलं पहिलं वाक्य चूक, दुसरं अर्धवट आणि तिसरं घातक आहे.

अर्धवट का, तर हेल्मेटने काहीच होत नाही असं मीही म्हणणार नाही. १९०५ च्या एका मोसमात अमेरिकेत हा खेळ खेळताना अठरा-एकोणीस तरुण मेले. डोकी फुटली, माना मोडल्या. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं. त्यानंतर नियम बदलले. हेल्मेट हळूहळू आलं, एनएफएलमध्ये ते सक्तीचं झालं १९४३ मध्ये. कवटी फुटण्यापासून ते वाचवतं, हे मान्य.

पण मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो द्रवात तरंगत असतो. पाण्याने भरलेली घागर घेऊन चालताना ठेच लागली तर घागर फुटत नाही, आतलं पाणी मात्र हिंदकळतं. त्या घागरीला बाहेरून कितीही गोणपाट गुंडाळा, पाणी हिंदकळायचं थांबत नाही. शंभर किलोंचा माणूस पळत येऊन दुसऱ्या तशाच माणसावर आदळतो तेव्हा कवटी थांबते आणि मेंदू पुढे जातो. मान गर्रकन फिरली तर तो आतल्या आत पिळवटतो. हेल्मेट बाहेर असतं. हा झटका ते थोडाफार सौम्य करेल, बंद करू शकत नाही.

उलट कडक प्लॅस्टिकचं हेल्मेट आल्यावर खेळाडू डोकं खाली घालून, डोक्यानेच धडक मारायला लागले. कवच आहे म्हटल्यावर डोकं हत्यार झालं. मानेचे मणके मोडून मुलं कायमची लुळी पडायला लागली, तेव्हा कुठे १९७६ मध्ये शाळा-कॉलेजच्या फुटबॉलमध्ये अशा धडकेवर बंदी आली आणि त्या इजा कमी झाल्या. त्या कमी झाल्या नियमामुळे. हेल्मेट तर आधीपासून होतंच.

आता जे फॉरवर्डमध्ये अजिबात नाही ते. माइक वेबस्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा सेंटर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू), चार सुपर बोल जिंकलेला माणूस. निवृत्तीनंतर त्याचं मन आणि स्मरण दोन्ही ढासळत गेलं. २००२ मध्ये तो पन्नासाव्या वर्षी गेला. शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाचे साठे दिसले. या आजाराला सीटीई म्हणतात, क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी. वर्षानुवर्षं डोक्याला बसणाऱ्या लहानमोठ्या धक्क्यांतून तो होतो, आणि निश्चित निदान आजही माणूस गेल्यावरच करता येतं. ‘लहानमोठ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शुद्ध हरपावी, भोवळ यावी असं काही घडावंच लागतं असं नाही. सरावात रोज बसणारे, कुणी मोजतही नाही असे धक्केही त्यात धरायचे. दोन सुपर बोल जिंकलेल्या डेव्ह ड्यूअरसनने २०११ मध्ये आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असं त्याने जाण्यापूर्वी घरच्यांना कळवलं होतं. त्या मेंदूतही सीटीई सापडला.

ज्यांना आकडा हवा त्यांनी एकच अभ्यास वाचावा. बोस्टन विद्यापीठात डॉ. अ‍ॅन मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळलेल्या २०२ मृत व्यक्तींचे मेंदू तपासले आणि निष्कर्ष जुलै २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. २०२ पैकी १७७ जणांत सीटीई आढळला. त्या २०२ मधले १११ जण एनएफएलमध्ये खेळलेले होते. त्या १११ पैकी ११० जणांना सीटीई होता.

भावोजी लगेच म्हणतील, हे मेंदू कुणी दिले? ज्यांच्या घरी आधीच त्रास दिसत होता त्यांनीच ना? बरोबर आहे. अभ्यास करणाऱ्यांनीही ते लिहिलंय. म्हणून ‘एनएफएलच्या शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो’ असं यातून म्हणता येत नाही, आणि असं म्हणणारं फॉरवर्ड उद्या आलं तर मी त्यालाही विरोध करेन. पण १११ पैकी ११० हा आकडा समोर असताना ‘डोक्याला इजा होत नाही’ असं लिहायला हात कसा धजावतो? आणि ज्याच्यासाठी मी हे लिहितेय तो मुलगा शाळेत खेळणार आहे. त्याच अभ्यासात फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेले चौदा जण होते, त्यातल्या तिघांत सीटीई सापडला. चौदा ही संख्या छोटी आहे, ती घेऊन मोठा दावा मी करणार नाही. पण ‘बिनधास्त’ हा शब्द मी तरी कुणाच्या बारा वर्षांच्या मुलासाठी वापरणार नाही.

खुद्द लीगला हे मान्य करायला किती वर्षं लागली! मार्च २०१६ मध्ये एनएफएलचे एक वरिष्ठ अधिकारी जेफ मिलर यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे विचारलं गेलं की फुटबॉल आणि सीटीईसारख्या आजारांचा संबंध आहे का. त्यांनी हो म्हटलं. ज्यांचा हा धंदा आहे तेही जे नाकारत नाहीत, ते आपण सांगलीच्या ग्रुपवर नाकारायचं?

टॅकल न करता खेळायचा फ्लॅग फुटबॉल आहे. कमरेला लावलेली पट्टी ओढली की झालं, पाडापाडी नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे. धावणं, पास झेलणं, डाव आखणं सगळं तिथे शिकता येतं. ताईला मी हे सांगितलंय. निर्णय त्यांचा, पण तो या फॉरवर्डवरून घेऊ नये एवढंच माझं म्हणणं.

आता चौथा मुद्दा, म्हणजे बाबांचा ‘आधीच ठरलेलं’. फॉरवर्ड सांगतं की सुपर बोलच्या लोगोच्या रंगांतच दोन्ही संघ दडलेले असतात आणि लोगो सुमारे वर्षभर आधी येतो. पुरावा म्हणून २०२२ दिलंय: लोगोत नारिंगी-पिवळ्या छटा, खेळले बेंगल्स आणि रॅम्स. मग २०२३: लोगोत लाल आणि हिरवा, खेळले चीफ्स आणि ईगल्स. इथे पुरावा संपतो. का संपतो? कारण २०२४ च्या लोगोत लाल आणि जांभळा होता, आणि जांभळे म्हणजे बाल्टिमोर रेव्हन्स येणार असं सगळ्यांनी धरलं होतं. २८ जानेवारी २०२४ ला चीफ्सनी रेव्हन्सना त्यांच्याच मैदानावर १७-१० ने हरवलं. लास व्हेगासला खेळले चीफ्स आणि फोर्टीनाइनर्स, दोघंही लाल. जांभळं कुणी नव्हतंच. हे वर्ष फॉरवर्डमधून गाळलंय. दोन वेळा जुळलं ते सांगायचं आणि चुकलं ते लपवायचं, हे ज्योतिषाच्या दुकानात चालतं.

२०२३ चा तो सामना मी विसरू शकत नाही. ईगल्स ३८-३५ ने हरले. शेवटच्या दोन मिनिटांत जेम्स ब्रॅडबेरीने समोरच्या खेळाडूला धरल्याचा फाऊल दिला गेला आणि सामना हातून गेला. सगळं फिलाडेल्फिया पंचांच्या नावाने बोटं मोडत होतं, मीही. सामना संपल्यावर ब्रॅडबेरीने स्वतः सांगितलं की हो, मी धरलं होतं, जर्सी ओढली होती. हरलेल्या संघाच्या खेळाडूने ज्या क्षणी पंचांना दोष देणं सगळ्यात सोपं होतं, त्या क्षणी हे सांगितलं. त्याला कुणीतरी पटकथेतलं पात्र म्हणतं तेव्हा मला फार राग येतो.

पहिला मुद्दा म्हणतो की हे ‘चिलखत घालून खेळलेलं रग्बी’, ताकदीचा खेळ, डोक्याला काम नाही. मूळ रग्बीत आहे, खरं. पण रूझवेल्टच्या त्या बैठकीनंतर १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि वाटा वेगळ्या झाल्या. रग्बीत पुढे पास देता येत नाही, इथे सगळा खेळच त्यावर उभा आहे. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू जातो. त्यामुळे प्रत्येक डाउनला पळायचं की फेकायचं, समोरचा काय ओळखून बसलाय, हे ठरवावं लागतं.

फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल, मिनियापोलिस. पहिला हाफ संपत आलेला, ईगल्स एण्ड झोनपासून, म्हणजे चेंडू नेऊन गुण मिळवायच्या पट्ट्यापासून, एका यार्डावर, चौथा डाउन. चेंडू लाथेने खांबांमधून मारून फील्ड गोलचे तीन गुण हमखास मिळाले असते. प्रशिक्षक डग पीडरसन यांनी ते घेतले नाहीत. चेंडू थेट कोरी क्लेमंटकडे गेला, त्याने ट्रे बर्टनला दिला आणि बर्टनने तो फेकला क्वार्टरबॅककडे. जो नेहमी फेकतो तो निक फोल्स एकटा, मोकळा उभा होता. त्याने एण्ड झोनमध्ये झेलला, टचडाउन. तोही मूळचा राखीव खेळाडू, पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून मैदानात आलेला. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने ५०५ यार्डांचे पास दिले तरी ईगल्स ४१-३३ ने जिंकले. या खेळात डोक्याला काम नाही म्हणणाऱ्याने हा एक डाव पाहावा.

दुसरा मुद्दा मात्र मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. साडेतीन तासांत चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम अकरा मिनिटं. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये काही सामने घड्याळ लावून मोजले होते, तेव्हा एवढंच निघालं. जाहिराती तर डोकं उठवतात, २०२५ मध्ये तीस सेकंदांना ऐंशी लाख डॉलरपर्यंत भाव गेला होता. पण ‘म्हणून बघण्यासारखं काही नाही’ हा निष्कर्ष कसोटी क्रिकेट बघत मोठ्या झालेल्या माणसांनी काढावा? दिवसभरात चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यापासून डेड होईपर्यंतचा वेळ मोजला तर तिथेही किती भरेल? बाबांनी मला शिकवलं की दोन चेंडूंच्या मधे क्षेत्ररचना बघायची, कर्णधार कुणाला कुठे हलवतो ते बघायचं. इथेही तेच करायचं. दोन डाउनच्या मधल्या चाळीस सेकंदांत बचावफळी कशी उभी राहते ते बघा, क्वार्टरबॅक ओरडून ऐन वेळी डाव बदलतो ते बघा.

बाकीचे दोन मुद्दे पटकन. शंभर कोटी लोक सामना बघतात, हे साफ खोटं. फेब्रुवारी २०२५ चा ईगल्स-चीफ्स सामना अमेरिकेत सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला आणि तो तिथला तोवरचा विक्रम होता. बाहेरच्या देशांतले प्रेक्षक धरले तरी शंभर कोटींच्या जवळपासही जात नाही. आणि हाफटाइमला गाणाऱ्या कलाकाराला कोट्यवधींचं मानधन मिळत नाही. कार्यक्रमाचा खर्च उचलला जातो, गाण्याची वेगळी बिदागी नसते. ते मिळणाऱ्या प्रसिद्धीसाठी येतात.

सातवा मुद्दा निव्वळ घोळ आहे, पण बाबांसाठी तो सगळ्यात कामाचा. फॉरवर्डमध्ये लिहिलंय, ‘भारतात रविवारी रात्री साडेसहा वाजता’. साडेसहा ही न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाची संध्याकाळची वेळ. फेब्रुवारीत भारत त्याच्या साडेदहा तास पुढे असतो, म्हणजे सांगलीत सोमवारी पहाटे पाच. बाबा, गजर साडेचारचा लावा. चहा होईपर्यंत मी फोन करते, पहिला डाउन आपण बरोबर बघू.