अणुभट्टी बंद झाली, उष्णता थांबली नाही

'भट्टी बंद केली की धोका टळला' हे तुमच्या अणुवीज केंद्रांवरच्या लेखातलं वाक्य दुरुस्त करा. नियंत्रक दांडे आत गेले की अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबते, पण इंधनात त्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होतच असते. दिवसभरानंतरही जवळपास अर्धा टक्का! म्हणून इंधन थंड ठेवणारे पाण्याचे पंप चालू राहायलाच हवेत. 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात वीज गेल्यावर डिझेल जनरेटर सुरू झाले होते. त्सुनामीचं पाणी तळघरात शिरलं आणि त्यातले बहुतेक जनरेटर बंद पडले. जनरेटर किती उंचीवर बसवलाय, हेच आधी विचारायला हवं.

तारापूर अणुवीज केंद्राचं आपत्कालीन नियोजन 16 किलोमीटरच्या परिघाचं, ठाणे त्याच्या खूप बाहेर. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर 'आयोडीन पिऊन ठेवा' आलं तर कृपया पुढे पाठवू नका. जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन पोटात घेणं विषारी आहे. आयोडीनच्या खऱ्या गोळ्याही किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त थायरॉईड वाचवतात, सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यापुढे त्या निरुपयोगी.