हे काय, आलंच!

आमच्या माहेरी कौतुक करायची पद्धत नव्हती. स्वयंपाक अगदी फर्मास झाला तर बाबा "आज मीठ बरोबर पडलंय" म्हणत आणि तेवढ्यावर आई आठवडाभर खूश असे. आम्हा भावंडांपैकी कुणी काही करून दाखवलं तर "हं" यायचं. ते "हं" जरा लांबलं की सुवर्णपदक समजायचं. तोंडावर स्तुती केली की मूल बिघडतं, त्याला दृष्ट लागते आणि वर सवय लागते, अशी तिहेरी भीती. ही झाली दुसऱ्यानं केलेल्या कौतुकाची गत. स्वतःचं कौतुक स्वतःच करणाऱ्याला तर 'आपलीच आरती ओवाळतोय' असं म्हणून घरातून बादच करत.

म्हणून नणंदबाईंनी एक लॅमिनेट केलेलं कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ते मोठ्यानं म्हणायला सांगितलं, तेव्हा मला चारचौघांत पदर घसरल्यासारखं झालं. कार्डावर गुलाबी कमळ होतं आणि खाली मजकूर: 'मी समर्थ आहे. मी तेजस्वी आहे. माझ्यात अमर्याद ऊर्जा आहे.' नणंदबाई शनिवार-रविवारचा कसलासा कोर्स करून आल्या होत्या. आपलं मन सतत ऐकत असतं, म्हणून त्याच्याशी गोड आणि सकारात्मकच बोलायचं. 'नाही' तर चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. 'मी थकलेली नाही' म्हटलं तर मनाला फक्त 'थकलेली' एवढंच ऐकू येतं म्हणे.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच," मी म्हटलं. 'भाजी आणायला विसरू नका' यातलं त्यांनाही 'विसरा' एवढंच ऐकू येतं.

"वहिनी, हसण्यावारी नेऊ नका. सिंहगड चढायचाय ना?"

चढायचा होता खरा. आमच्या सोसायटीच्या वॉकिंग ग्रुपनं ठरवलं होतं. हा ग्रुप एरवी बागेला दोन फेऱ्या मारून मिसळ खायला जातो, पण कुणीतरी व्हॉट्सॲपवर 'ध्येय मोठं ठेवा' असं चित्र टाकलं आणि बाकीच्यांनी विचार न करता अंगठे वर केले. माझाही त्यात अंगठा होता. लिफ्ट बंद पडली की मी दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराशी 'सहज' म्हणून थांबते, ही गोष्ट ग्रुपला ठाऊक नव्हती.

तर आरसा. सकाळी सहाला न्हाणीघराचं दार लावून मी सुरुवात केली. "मी समर्थ आहे."

"काय?" बाहेरून हे.

"काही नाही. स्वतःशी बोलतेय."

"मग तिलाच सांग, गिझर बंद करायला."

यांचं ठीक आहे, यांना दार लावून बाहेर ठेवता येतं. आत बसलेल्या मनाचं काय करायचं? माझं मन आईच्या आवाजात बोलतं आणि त्याला तपशील पाठ असतात. मी "मी समर्थ आहे" म्हटलं की ते म्हणणार, "परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण वॉचमनकडून उघडून आणलंस, ती तूच ना?" "मी तेजस्वी आहे." "आधी तोंडाची पेस्ट पूस." "माझ्यात अमर्याद ऊर्जा आहे." यावर ते काहीच बोललं नाही. नुसतं "हं" म्हणालं. आखूड.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. त्यामुळे कुठलीही गोष्ट करायची झाली की आधी तिच्याबद्दल वाचते. करणं तेवढंच लांबतं. वाचता वाचता असं कळलं की आमच्या कार्डाचे खापरपणजोबा म्हणजे एमिल कुए (१८५७–१९२६) नावाचे एक फ्रेंच औषधविक्रेते. त्र्वा नावाच्या गावात त्यांचं दुकान होतं. बाटली देताना 'फार गुणकारी आहे हो' असे दोन शब्द बोललं की गिऱ्हाइकाला गुण जास्त येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी बाटली वगळून नुसते शब्दच द्यायला सुरुवात केली. 'दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, माझं अधिकाधिक बरं होत चाललं आहे,' हे वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस-वीस वेळा पुटपुटायचं. मोजायला वीस गाठी मारलेली दोरी घ्यायची. १९२०च्या दशकात युरोप-अमेरिकेत माणसं अशा दोऱ्या घेऊन पुटपुटत होती. आपल्याकडे जपमाळेला १०८ मणी असताना विसांत भागवणारा हा गृहस्थ मला आवडला. शिवाय तो शहाणाही होता. जोर लावू नका, अर्धवट झोपेत पुटपुटा, असं तो सांगायचा. कारण इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांचं भांडण झालं की दर वेळी कल्पनाच जिंकते. फूटभर रुंदीची फळी जमिनीवर ठेवली तर तिच्यावरून कुणीही चालेल. तीच चर्चच्या मनोऱ्याइतक्या उंचीवर टाकली की पाय उचलत नाही. फळी तीच, पाय तेच, फक्त मधल्या काळात मनानं आपल्याला खाली पडलेलं पाहून घेतलेलं असतं.

माझ्या मनानं मला सिंहगडाच्या पहिल्याच वळणावर झोळीत घालून खाली नेताना पाहून घेतलं होतं.

पुढे आणखी वाचायला नको होतं, पण वाचलं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास छापला. लोकांना बसवून, ठरावीक वेळानं घंटा वाजवून, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं मनाशी म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षाही जास्त वाईट वाटलं. थोडक्यात, ज्याला औषधाची गरज नाही त्याला गुण आणि ज्याला आहे त्याला अपाय. मी हे नणंदबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही फार निगेटिव्ह वाचता."

रविवार उजाडला. सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंच आहे. त्यातली आतकरवाडीपर्यंतची उंची पीएमपीची बस तिकिटाच्या पैशात चढून देते, उरलेली आपली आपण. आमच्या ग्रुपचे म्होरके एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. नोकरीत असताना कर्ज मागायला आलेल्या एकाही माणसाला त्यांनी 'तुम्हाला जमेल' असं म्हटलं नसणार. ती सगळी सकारात्मकता साठवून ती ते आता वाटत होते. गळ्यात शिट्टी. "कम ऑन! यू कॅन डू इट! थकवा हा फक्त मनाचा खेळ आहे!" हा खेळ माझ्या गुडघ्यांना कुणी शिकवला कोण जाणे, पण ते त्यात चांगलेच तरबेज निघाले.

रविवारी सकाळी त्या वाटेवर अर्धं पुणं असतं. पंचाहत्तरीचे आजोबा कापडी बूट घालून तरातरा पुढे जातात आणि जाता जाता आपल्याकडे करुणेनं बघतात. कडेवर मूल घेतलेल्या बाया जातात. पाठीवर दह्याच्या मडक्यांचं ओझं घेऊन वरचे विक्रेते जातात, तेही गप्पा मारत. आणि समोरून उतरणारे लोक येतात. या उतरणाऱ्यांवर खरं तर वेगळा अभ्यास व्हायला हवा. "अजून किती आहे हो?" असं विचारलं की ही माणसं एकजात, डोळ्याला डोळा भिडवून, खोटं बोलतात. "हे काय, आलंच!" "पाचच मिनिटं." "एवढी शेवटची चढण." मी पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर असताना मला एका सज्जन दिसणाऱ्या काकांनी "झालं की आता" असं सांगितलं. टीव्हीचा टॉवर दिसायला लागला तेव्हा मी पहिल्यांदा विश्वास ठेवला. तो टॉवर जवळ दिसतो, पण जवळ येत नाही. उतरणाऱ्याला यात काही मिळत नाही, उलट ओळखपाळख नसताना तो पाप घेतो. परोपकारी वृत्तीनं इतकं निखळ खोटं मी फक्त लग्नाच्या पत्रिका जुळवताना ऐकलं आहे.

अर्ध्याच्या जरा पुढे, एका ताकवालीच्या छपराखाली, मी बसले. बसले म्हणजे मनानं अर्ज लिहूनच टाकला: 'मी इथेच थांबते, तुम्ही येताना मला घ्या.' कार्ड पर्समध्ये होतं. काढून वाचून पाहिलं. घामानं लॅमिनेशन धुरकटलं होतं आणि 'तेजस्वी' तेवढं दिसत होतं.

आणि तिथं बसल्या बसल्या मला एक गोष्ट सुचली. दुसऱ्याला चेतवण्याचा महाराष्ट्राला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा प्रसंग याच गडावर घडला. फेब्रुवारी १६७०. तानाजी पडले, मावळे दोरांकडे धावले, आणि सूर्याजींनी त्यांना अडवलं. ती कथा आपण सगळ्यांनी चौथीत वाचली आहे. सूर्याजींनी कुणाला 'तुमच्यात अमर्याद ऊर्जा आहे' असं सांगितल्याचं काही मला आठवेना. त्यांनी मावळ्यांची खरडपट्टी काढली आणि दोर कापून टाकल्याचं सांगितलं. पुढचं मावळ्यांनी पाहिलं. म्हणजे आमच्या बाबांचं "हं" हे काही घराण्याचं खूळ नव्हतं, त्याला साडेतीनशे वर्षांची परंपरा होती. एवढ्या विचारानंच मला थोडा दम आला.

ताकवाली मावशी ग्लास विसळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बसा ताई निवांत. लई माणसं हितनंच माघारी जात्यात."

मी उठले! ताकाचे पैसे दिले, उरलेले तिच्याकडेच राहू दिले आणि चालायला लागले. ती हे वाक्य रोज किती जणांना ऐकवते आणि त्यातून ताक जास्त खपतं की कमी, हे तिलाच माहीत. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या शिट्टीवाल्यांच्या ओरडण्यानं जे झालं नाही ते या एका वाक्यानं झालं.

पुढची चढण मी ज्या तंत्रानं चढले, ते नंतर सोमवारी ग्रंथालयात सापडलं. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४चा अभ्यास आहे. माणसांना आयत्या वेळी भाषण करायला लावलं. तयारी करताना काहींनी स्वतःशी 'मी' म्हणून बोलायचं, काहींनी स्वतःला नावानं हाक मारायची. नावानं हाक मारणाऱ्यांची भाषणं जास्त चांगली झाली आणि नंतर त्यांनी त्याबद्दल कुढत बसणंही कमी केलं. माहेरी मला अजून 'बेबी' म्हणतात. पन्नाशी उलटलेली बेबी. तर छपरातून निघाल्यापासून मी मनातल्या मनात चालू केलं होतं: "ऊठ गं बेबी. त्या दगडापर्यंत चल. तो नाही, तो हलतोय, पलीकडचा. हां. आता श्वास घे. त्या छत्रीवाल्यापर्यंत. चल, रडतेस काय." आणि काय सांगू, मन एका शब्दानं उलटलं नाही. 'तू समर्थ आहेस' वर त्याला शंभर हरकती होत्या. 'त्या दगडापर्यंत चल' वर काय हरकत घेणार? दगड समोर दिसत होता.

यासाठी मिशिगनला जायची गरज नव्हती, हे मला नंतर वाटलं. समर्थ रामदासांनी मनाचे २०५ श्लोक लिहिले, त्यात ते जवळजवळ सबंध वेळ मनालाच हाक मारतात. दुसऱ्याच श्लोकात 'मना सज्जना'. आधी 'सज्जना' म्हणून थोडं लोणी लावून घेतलंय, आणि मग हे सोड, ते धर, असं नको, तसं कर, अशी पुढची दोनशे कडवी त्याला कामाला लावलंय. 'मी समर्थ आहे' असं म्हणण्याचा खरा हक्क त्यांनाच होता, आणि त्यांनी ते वाक्य कुठे वापरलेलं नाही.

पुणे दरवाज्यातून आत शिरले तेव्हा म्होरके शिट्टी वाजवून ओरडले, "पाहिलंत? पॉझिटिव्ह थिंकिंग!" मी काही बोलले नाही. तोंडात हवा नव्हती. मग पिठलं, भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातलं दही, या क्रमानं माझ्यात मर्यादित पण पुरेशी ऊर्जा आली.

उतरताना, ताकवालीच्या छपराच्या बरंच खाली, एक जोडपं भेटलं. काका घामाघूम होऊन दगडाला टेकलेले, काकू कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अजून किती आहे हो?" काकांनी विचारलं.

सकाळपासून ज्या वाक्यानं माझा छळ झाला होता ते मी उच्चारणार नव्हते. मी खरं ते सांगितलं. "पाऊण तास तरी. आणि पुढची चढण याच्याहून खडी आहे."

काका सावकाश खाली बसले. पाठीवरची पिशवी काढून मांडीवर घेतली. आता ते तिथून हलणार नाहीत हे त्या पिशवीकडे बघूनच कळत होतं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चार पावलं झपझप उतरले. मागून त्यांचा आवाज आला, मला ऐकू यावं इतपत मोठा:

"ऊठ हो. त्या बाईंकडे बघ जरा. त्यांना जमलं तर तुला न जमायला काय झालं?"

मी वळून पाहिलं. काका उठले होते, पिशवी पाठीवर चढवत होते आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणत होते, "खरंच की."