घरचा प्रोटोकॉल

नॅस, म्हणजे सगळ्या घराच्या फायली एका जागी ठेवणारा, नेटवर्कला जोडलेला डबा, विकत घेणं सोपं. पैसे मोजले की तो घरी येतो. त्यातल्या फायली कोणत्या वाटेनं ये-जा करणार हे ठरवायला बसलं, की कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्येही प्रत्येकाला मत फुटतं.

सेटिंग्ज उघडल्या की एसएमबी, एनएफएस, एएफपी, एफटीपी, वेबडॅव अशा चौकटी समोर येतात. प्रत्येक चौकट म्हणजे एक प्रोटोकॉल, फायली ने-आण करायची एक रीत. ‘‘सगळ्यांवर टिचकी मार की, पैसे सगळ्याचेच भरलेत ना?’’ इति बायको. पुणेरी हिशोब म्हणून बिनतोड. पण जितकी दारं उघडी, तितकी राखण जास्त.

एफटीपीला नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाठिंबा मिळाला, तो मी नको तिथे ज्ञान पाजळल्यामुळे. १९७१ साली त्याचा पहिला आराखडा लिहिणारे अभय भूषण मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. ‘‘आपला माणूस आहे ना? मग झालं तर!’’ साधा एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतो, हे सांगितल्यावर म्हणाले, ‘‘घरात कोण चोरणारे?’’ हे गृहस्थ स्वतःच्या कपाटाची किल्ली उशीखाली घेऊन झोपतात.

खरी लढाई एनएफएसवरून झाली. भाचा सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो आणि संगणकावर लिनक्स ही प्रणाली सोडून बाकी सगळ्याला ‘खेळणी’ म्हणतो. त्याच्या मते सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ साली काढलेला एनएफएस हाच एक सभ्य प्रोटोकॉल. सभ्य आहे खराच, जरा जास्तच. त्याची नेहमीची मांडणी अशी, की समोरचा संगणक ‘मी वापरकर्ता क्रमांक १०००’ म्हणाला की नॅस मान डोलावतो. ‘ए विंगमधला आहे’ म्हणणाऱ्या कुणालाही आत सोडणारा आमच्या सोसायटीचा वॉचमनच. लिनक्सवर पहिल्या वापरकर्त्याला बहुधा १००० हाच क्रमांक मिळतो. भाच्याचा लॅपटॉप हजार, माझा जुना डेस्कटॉपही हजार. नॅसच्या लेखी आम्ही मामा-भाचे एकच, आणि माझी इन्कम टॅक्सची कागदपत्रं आमची सामायिक. ‘‘कर्बेरॉस लाव ना मामा,’’ भाचा म्हणाला. कर्बेरॉस म्हणजे प्रत्येकाची खरी ओळख तपासणारी व्यवस्था. तो सांभाळणार कोण, मी विचारलं. ‘‘दिवाळीच्या सुट्टीत बघू.’’ त्यात नानांच्या लॅपटॉपवर विंडोज होम, आणि त्यात एनएफएसनं जोडणारा प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंटच नाही. विषय संपला.

लेकीला मॅकबुकसाठी ॲपलचा स्वतःचा एएफपी हवा होता. ॲपलनंच २०१३च्या मॅव्हरिक्स या मॅकच्या आवृत्तीपासून एसएमबीला पुढे केलंय म्हटल्यावर ती हूं की चूं न करता तयार झाली. बापाचं ऐकायचं नाही, पण ॲपलचं ऐकायचं.

उरला एसएमबी. कुणालाच फारसा आवडत नाही आणि सगळ्यांकडे चालतो. घरातले बहुतेक निर्णय असेच होतात. फक्त हॉलमधला म्हातारा टीव्ही आडवा आला. त्याला एसएमबीची पहिलीच आवृत्ती कळते, आणि मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला तो तिच्यातल्याच भोकातून. मी किमान आवृत्ती दोनवर नेऊन ठेवली. टीव्हीसाठी डीएलएनए ही गाणी-व्हिडिओ दाखवायची वेगळी सोय चालू केली. त्यातून पाहता येतं, पुसता येत नाही. नानांच्या हातात रिमोट असतो हे लक्षात घेता हा मोठाच गुण.

आता गाडी सुरळीत आहे. फक्त मॅकबुकवरून लेक ज्या फोल्डरमध्ये डोकावते, तिथे मॅक ‘डीएस स्टोअर’ नावाची बारकीशी फाईल ठेवून जातो. इतरांना ती दिसत नाही. नानांनी मात्र ‘घरात लपवालपवी नको’ म्हणून विंडोजला लपलेल्या फायलीही दाखवायला लावलंय. नाट्यगीतांच्या फोल्डरमध्ये ती दिसली आणि प्रश्न आला, ‘‘हा डीएस कोण?’’ तेव्हापासून रोज चहा झाला की ते एकेक फोल्डर उघडून डीएसला हाकलतात. संध्याकाळी लेक क्लासहून येते आणि डीएसही येतो. मॅकवर एक आज्ञा दिली की हा प्रकार कायमचा बंद होतो. ती मला पाठ आहे. पण सकाळचा तो तासभर नाना माझ्या चुका काढत नाहीत.