साहेब रजेवर आहेत, पण ऑनलाइन आहेत

रात्री पावणेबाराला टीमला मेल टाकायचा आणि खाली लिहायचं, "घाई नाही, सकाळी बघा." लिहिणाऱ्याला मनापासून वाटतं, आपण किती समजूतदार! टीमला मात्र एवढंच दिसतं, की साहेब पावणेबाराला कामात आहेत. दहा मिनिटांत दोघांची उत्तरं येतात. ज्याने दिलं नाही, तो कूस बदलत पडतो.

"स्वतःच्या वागण्यातून आदर्श घालून द्या" हे मॅनेजर लोकांना प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकवतात. माझी तक्रार त्याच्या अर्थाबद्दल आहे. सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं, ताप अंगात घेऊन मीटिंगला बसायचं, याला आपण आदर्श समजून बसलोय. आणि साहेबांनी आदर्श म्हणून काय केलं आणि निव्वळ सवयीने काय केलं, हे खालचे लोक निवडत बसत नाहीत. सगळंच उचलतात.

हॉस्पिटलमधल्या हात धुण्यावर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नव्या इमारतीत बेसिनं वाढवली, तरी हात धुणं काही वाढलं नाही. मात्र खोलीतल्या वरिष्ठाने हात धुतले नाहीत, की सोबतचेही धुवायचं टाळत होते. नियम माहीत नव्हता असं थोडंच आहे? कारखान्यात साहेब "दोनच मिनिटांसाठी" हेल्मेट न घालता फिरून गेले, की भिंतीवरच्या सुरक्षेच्या पाट्या तिथेच निकालात निघतात.

दुसरा प्रकार बाह्या सरसावून बसणाऱ्या साहेबांचा. ज्युनिअरचं प्रेझेंटेशन अडलं की स्वतःच पूर्ण करून टाकतात. कौतुक खूप होतं (लिंक्डइनवर तर विचारूच नका), पण पोरं त्यातून एवढंच शिकतात, की आपण अडून बसलो की साहेब करतात.

मला पटतं ते स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतलेलं उदाहरण. २०११ मध्ये निन्टेन्डोचं नवं गेमिंग यंत्र खपेना, किंमत उतरवावी लागली. तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. इतर संचालकांचेही कापले, पण त्यांच्याइतके नाही. काटकसरीवर भाषण देऊन बिझनेस क्लासने परतणाऱ्यांना हे जमत नाही.

अर्थात रोजच्या ऑफिसात इतकं मोठं काही करायची वेळ कुणावर येत नाही. माझ्या एक वरिष्ठ मॅडम होत्या. सहा वाजले की लॅपटॉप बंद, पर्स खांद्याला. त्यांच्या केबिनशेजारीच बाहेर जायचा दरवाजा होता, पण त्या मुद्दाम आमच्या टेबलांमधून जायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "निघते गं मी." सुरुवातीला आम्हाला ती परीक्षाच वाटली, म्हणून त्या गेल्यावरही आम्ही स्क्रीनकडे बघत बसायचो. कुणीतरी धीर करून त्यांच्या मागोमाग निघालं. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी काही बोललं नाही, आणि मग बाकीच्यांच्याही बॅगा सहाला भरायला लागल्या.